शेठच्या खळ्यावरचा ओटा

मी मूळची तापीकाठची, सारंगखेड्याच्या अलीकडचं गाव, काळी जमीन, नजर जाईल तिथवर कापूस, पण त्यातली ढेकळाएवढी सुद्धा आमची नव्हती, आमच्या बापाकडं जमीन नव्हती, जीभ होती. माझा बाप हेडी. हेडी म्हणजे बैलाघोड्यांच्या सौद्यात मधे उभा राहणारा माणूस, विकणाऱ्याचाही नाही अन् घेणाऱ्याचाही नाही, दोघांनी मिळून शिव्या द्यायला ठेवलेला. घोडेबाजार भरला की बाप दिवसभर तिथं. अन् तिथं भाव तोंडानं बोलायचा नाही, ही रीत. हातावर रुमाल टाकायचा, नाहीतर धोतराचा सोगा टाकायचा, खाली समोरच्याचा हात हातात घ्यायचा अन् बोटं धरायची. जेवढी बोटं धरली तेवढा भाव. न पटलं तर हात काढून घ्यायचा. पटलं तर समोरच्याचा सगळा पंजा दाबायचा. पंजा दाबला की सौदा झाला, मग आभाळ कोसळलं तरी तो फिरत नाही. कागद नाही, साक्षीदार नाही, सही नाही. तुम्ही ते मशीन चालू ठेवलंय ना ताई? ठेवा, हे नीट येऊ द्या, पुढं सगळं यावरच अडणार आहे.

बाप जेवायला घरी यायचा. आईला भाव सांगायचा नाही, सांगितला की ती लगेच खर्च काढायची. पण पोटात तर राहायचं नाही. मग म्हणायचा, पोर, तुन्हा हात दे. मी शेजारी बसायची, तो सोग्याखाली माझा हात घ्यायचा अन् दिवसभराचा बाजार माझ्या बोटांवर सांगायचा, कोणी काय मागितलं, कोणी काय दिलं, कोण कुठं अडला. मला भाव पडका वाटला की मी हात काढून घ्यायची. बाप हसायचा, म्हणायचा, ही पोरगी नही, ही हेडी शे. आई चुलीपासून ओरडायची, काय चालू शे तुमनं दोन्हीसनं, भाकर थंडी व्हयनी. असं मी शिकले. शाळेत काय शिकले ते आता एक सुद्धा आठवत नाही.

लग्न होऊन इकडं आले, खापरच्या बाजूला. नवरा शेठची बैलगाडी हाकायचा, पुढं टेम्पो. माणूस चांगला, पण मुका म्हटला तरी चालेल, देवानं त्याच्या वाट्याचं बोलणं पण मला दिलं. त्याच्यामुळं मी शेठच्या खळ्यावर कामाला लागले.

आता खळं म्हणजे काय ते सांगते, कारण आज तुम्ही बघून आलात ते वेगळं. डोंगरातून रस्ता खाली उतरतो ना, तिथं सपाटीवर पहिली जागा लागते ती शेठची. शेठ गुजराती बोलणारे, त्यांच्या आजोबांपासून इथं. मागं शेती, विहीर, पुढं सगळी दगडी फरशी, गुळगुळीत, एका बाजूला गोदाम, गाड्यांचं छप्पर. शेती पण अन् व्यापार पण, दोन्ही एका कुंपणात. डोंगरातली माणसं तिथं माल आणायची अन् मीठ, कापड, गूळ घेऊन जायची. सगळ्यात जास्त आमचूर. डोंगरात कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, फोडी करायच्या, वाळवायच्या, सगळं बायकांचं काम, त्यांचे हात बघा कैरीच्या चिकानं भाजलेले असतात. पण तिथं उतारावर सपाट जागा कुठं आहे? दगडावर वाळवतात, छपरावर वाळवतात, म्हणून माल अर्धा ओला येतो. तो लगेच फरशीवर पसरला, दोन-चार उन्हं दाखवली, तर पांढरा राहतो. राहिला गोणीत, तर काळा. पांढऱ्याला व्यापारी हात जोडून येतो, काळ्याकडं बघत नाही. म्हणजे बाईनं महिनाभर केलेलं काम तिचं ठरतं की मातीत जातं, ते त्या फरशीवर ठरायचं.

अन् ओटा. ताई, तुम्ही ओट्याचा फोटो काढलात, सगळे काढतात, पण तो एवढा उंच का, ते विचारलंत का? उभ्या बाईच्या खांद्याला लागतो. कोणाला बसता येत नाही त्याच्यावर, कारण तो बसायला नाहीच. डोक्यावर ओझं घेऊन आलेली बाई नुसती जवळ उभी राहिली अन् जराशी झुकली की टोपली ओट्यावर सरकते. अन् भाव नाही पटला, तर तशीच परत डोक्यावर घेते, एकटी. कोणाला हात लाव म्हणायचं नाही. शेठच्या आजोबांनी तसा बांधून घेतला होता. शेठ मला म्हणायचे, बेन, जिला न पटल्यावर जाता येतं ती परत येते. व्यापारी माणूस होते, धर्मादाय नव्हतं ते, पण अक्कल होती. आसपास सगळीकडं खरेदी चालायची, पण बायका चार कोस जास्त चालून आमच्याकडं यायच्या, ओट्यासाठी.

मी आधी फोडी परतायच्या कामाला होते. लाकडी फावड्यानं दिवसभर परतायचं. पण माझ्याच्यानं गप्प राहवायचं नाही. मुनीम कमी भाव बोलला की मी फरशीवरून ओरडायची, अहो, तिचा माल कापसासारखा पांढरा शे, डोळा धुई या. मुनीम चिडायचा, शेठ खाटेवरून हसायचे. एकदा नंदुरबारचा व्यापारी आला, अन् शेठना ताप होता, मुनीम गावाला. मी रिकामी गोणी उचलली, स्वतःच्या हातावर टाकली अन् हात पुढं केला. तो म्हणाला, बाईचा हात कसा धरू? मी म्हटलं, बाईचा नको धरू, मालाचा धर, नाहीतर गाडी वळव. त्याचं तोंड लाल झालं. शेठ आतून म्हणाले, धर भाई, करडशे नहीं. चावणार नाही म्हणे! मी चावले नाही, पण त्यानं आणलेल्या भावाच्या वर भाव काढला अन् तो घाम पुसत गेला. त्या दिवसापासून सौदा माझ्या हातात.

गावात बोलणं झालंच. बाई परक्या माणसांचे हात धरते. नवऱ्याला पारावर विचारलं लोकांनी. वर्षात एकदा बोलायचा तो, ते त्या दिवशी बोलला, म्हणाला, हात धरू द्या, भाव नको पडू द्या म्हणजे व्हयनं. त्याच्या तोंडून एवढं ऐकलं अन् मला वाटलं, चला, लग्न वाया नाही गेलं.

पुढं काय झालं, शेठची मुलं सुरतला गेली, तिकडंच कापडाच्या धंद्यात. शेठ थकले. त्यांनी आपला व्यापार बंद केला अन् मला बोलावून मोठा काटा, दगडी वजनं, पितळी पायल्या, दाभणं, फावडी, सगळं दिलं. म्हणाले, बेन, हवे तुं कर, आता तू कर म्हणे. शेवटी डोळे गेले होते त्यांचे, माझा हात चाचपडत धरला अन् पंजा दाबला. मी त्यावर पुढं किती तरी वैशाख काढले. शेठ गेले, कोणी विचारायला आलं नाही, जागा शेठच्या पोरांची पण खळं माझं चाललेलं. नवऱ्याचा टेम्पो माल घेऊन जायचा, आमचूर, चारोळी, महू म्हणजे मोहाची फुलं, हंगामाप्रमाणे जे असेल ते. मी घर बांधलं, पोराला शिकवलं. कोणाच्या दाराशी गेले नाही, उलट व्यापारी माझ्या दाराशी यायचे. हे मी फुशारकीनं सांगते असं वाटलं तर वाटू द्या, फुशारकीच आहे.

मग शेठचा नातू आला. धवल. पुण्याला शिकलेला, मराठी एकदम स्वच्छ, पाया पडला माझ्या. म्हणाला, मावशी, मी आजोबांची जागा जपणार आहे, म्युझियम करणार आहे, जुना व्यापार कसा चालायचा ते लोकांना दाखवायचं. वाईट पोरगा नाही हो तो. वाईट असता तर मी त्याला तिथंच पकडला असता, वाईट माणूस मला लांबून दिसतो, सगळा जन्म त्यांच्याशीच काढला मी. हा चांगला. चांगल्या माणसाशी सौदा करायची मला सवय नव्हती.

त्याचं गोदाम रिकामं. वस्तू सगळ्या माझ्याकडं. काटा, वजनं, पायल्या, तो एकेक हातात घेऊन बघायचा, लहान पोरासारखा. मला काय हवं होतं? चैत अन् वैशाख, दोन महिने फरशी अन् ओटा मला मोकळा हवा होता. बाकीचं वर्ष तू कर तुझं म्युझियम. माल माझ्याकडं, जागा त्याच्याकडं, झाला ना सौदा तयार? मी त्याला म्हटलं, भाऊ, वस्तू देते, पण असं तोंडी नाही, तुझ्या आजोबाच्या रीतीनं. त्याचे डोळे चमकले. म्हणाला, मावशी, रुमालाखालचा सौदा? तुम्हाला येतो? थांबा थांबा. अन् मोबाईल काढला, एका पोराला उभं केलं शूटिंगला.

मी मोठ्यानं म्हटलं, सगळ्या वस्तू तुला, हंगामात खळं अन् ओटा मला, महिने हातावर सांगते. रुमाल टाकला, त्याची दोन बोटं धरली. घट्ट धरली. मऊ हात, कधी गोणी न उचललेला. त्याला मी आधी सांगितलं होतं, न पटलं तर काढून घे, पटलं तर पंजा दाब. त्यानं पंजा दाबला. मस्त दाबला. मी रुमाल काढला, म्हटलं, झालं.

तर तो म्हणतो, मावशी, हात नीट आला नाही कॅमेऱ्यात, एकदा परत करूया ना. मी म्हटलं, झालेला सौदा परत होत नाही रे. तो म्हणाला, प्लीज. तर मी परत रुमाल टाकला, अन् माझ्या अंगात बाप शिरला बघा, मी या वेळी तीन बोटं धरली. जेठाचा अर्धा जरी मिळाला तर महूची टोळंबी, म्हणजे त्याचं तेलाचं बी, ती पण निघते. अन् त्यानं परत पंजा दाबला!

काय सांगू तुम्हाला, मी खूश. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, पोरगा एकदम भोळा शे, दोन म्हटलं तर हो, तीन म्हटलं तर हो, त्याला मी फसवणार नाही, दोनच घेईन. नवरा भाकरी खात होता, तो थांबला. म्हणाला, दोनले बी हो अन् तीनले बी हो? मी म्हटलं, हो. त्यानं ताट बाजूला सरकवलं. पण माझ्या बापाला मी हे सांगितलं असतं तर त्यानं कपाळावर हात मारला असता, कारण जो दोन्हीला हो म्हणतो तो सौद्यात उभाच नाही. बाजारात शेंबडं पोर सुद्धा हे ओळखतं. मी एवढी हुशार, मी ओळखलं नाही. मला वाटलं मी जिंकले.

वस्तू त्याच आठवड्यात दिल्या. आमच्यात पंजा दाबला की माल आधी जातो. टेम्पो भरून दिला, दाभणं सुद्धा मोजून दिली नाहीत, डबाच दिला.

अन् मी डोंगरात निरोप धाडला. हे माझं खरं दुखणं आहे ताई, वस्तूंचं नाही. मी सायकीबायला निरोप धाडला. सायकी म्हणजे पवरा आदिवासी बाई, माझ्याच वयाची, वरच्या पाड्यांच्या सगळ्या बायकांची म्होरकी, तिच्या शब्दावर माल उतरतो. मी सांगून धाडलं, या वर्षी खळं पक्कं माझं, नातवानं हात दिलाय, तुम्ही घरी वाळवत बसू नका, फोडी केल्या की लगेच खाली आणा, फरशी आहे आपली. त्यांचा त्रास वाचावा म्हणून अन् माझा माल जास्त पांढरा व्हावा म्हणून, दोन्हीसाठी. त्यांनी ऐकलं. का नाही ऐकणार?

त्या उतरल्या तेव्हा ओळ लागली होती, ओझी घेऊन, फोडी अगदी ओल्या, टोपल्यांतून पाणी गळत होतं. अन् खळ्याला फाटक. नवीन लोखंडी फाटक, कुलूप. आत देवचंद उभा, खाकी शर्ट घालून. देवचंद माझ्याच गोण्या उचलायचा, त्याच्या पोरीच्या लग्नात मी वाढायला उभी होते. मी म्हटलं, उघड. म्हणाला, जिजी, माले सांगेल शे, कोनले मधमा येऊ देवानं नही. मी म्हटलं, कोन सांगस? मी कोन शे? म्हणाला, जिजी, मन्हावर कसाले वरडस, मी तर चावीवाला शे. मी काय काय बोलले ते तुम्ही लिहू नका. त्याच्या सात पिढ्या मी तिथं उभ्या केल्या अन् परत झोपवल्या. तो मान खाली घालून ऐकत होता, पण चावी काही काढली नाही.

मग त्याच्याच फोनवरून धवलला लावला. तो पुण्यात. म्हणाला, मावशी! कशा आहात? मी म्हटलं, फाटक उघडायला सांग, माल आलाय. तो म्हणाला, कुठला माल? मी म्हटलं, हात दिला होतास तू. तो हळू आवाजात म्हणाला, मावशी, तो तर डेमो होता ना? व्हिडिओसाठी? मी म्हटलं, मी मोठ्यानं म्हटलं होतं, हंगामात खळं मला. म्हणाला, हो, पण मला वाटलं तुम्ही सीन करताय. अन् मग सांगितलं की फरशी साफ करून घेतलीय, त्यावर काहीतरी लेप दिलाय, जाणकार माणसानं सांगितलंय की आमचूर आंबट असतो, आंबटानं दगड खराब होतो, आता पुढच्या आठवड्यात उद्घाटन आहे. आंबटानं दगड खराब होतो! अहो, ती फरशी गुळगुळीत कशानं झाली मग? आमच्या पायांनी अन् त्याच आंबटानं. पण मी ते बोलले नाही. माझ्या मागं बायका उभ्या होत्या, डोक्यावर ओझं घेऊन, अन् माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या टाकल्या. दुसरं काय करणार? माझं अंगण भरलं, शेजाऱ्यांची छतं भरली, शाळेचं मैदान मागितलं तर नाही म्हणाले. उरलेलं सगळं रस्त्यावर. गुजरातकडं जाणारे ट्रक दिवसभर, धूळ, धूर, रात्रीचं दव. फोडी खालून भिजत राहिल्या, ताडपत्री पाणी पीत नाही, दगड पितो. चौथ्या दिवशी मी एक फोड उचलली तर कडेनं काळी. मग सगळंच काळं पडलं. बायका दिवसभर परतायच्या. सायकी फक्त एवढं म्हणाली, बाय, तू सांगितलं म्हणून आणलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, शिवीला माझ्याकडं उत्तर असतं.

मी सगळा माल पांढऱ्याच्या भावानं घेतला. माझा शब्द होता, मी भरला. मग टेम्पो विकला. आकडे विचारू नका. त्यात माझा मोठेपणा पण काही नाही, मला झोप लागत नव्हती म्हणून केलं.

उद्घाटनाला मी गेले. भांडायला गेले होते, सरळ सांगते. मंडप, खुर्च्या, कोणीतरी मोठे साहेब, शाळेची पोरं लेझीम घेऊन. मी पुढं जाणार तेवढ्यात माईकवर माझंच नाव. जुन्या व्यापाराची परंपरा जपणाऱ्या, अमुक तमुक. मला स्टेजवर ओढलं अन् धवलनं स्वतः माझ्या अंगावर शाल घातली, नारळ दिला. नारळ हातात, शाल अंगावर, आता भांडायचं कसं? पण मी सोडणारी नाही. मी नारळ खुर्चीवर ठेवला, शाल काढली, माझ्या हातावर टाकली अन् त्याच्यापुढं हात केला. सगळ्यांसमोर. त्यानं हसून हात आत घातला. मी त्याची दोन बोटं धरली, अशी धरली की त्याला दुखलं असेल, अन् त्याच्या डोळ्यांत बघितलं. म्हटलं, आता सांग.

त्यानं पंजा दाबला.

अन् टाळ्या. साहेब टाळ्या वाजवतायत, पोरं शिट्ट्या मारतायत, फोटोवाले म्हणतायत, आजी, इकडं बघा. तो पण आनंदानं हसतोय, त्याला खरंच आनंद झाला होता हो, मावशी रागावली नाही म्हणून. तेव्हा मला कळलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हाताला बोलताच येत नव्हतं. अशा माणसाशी भांडणार कशी? व्यापाऱ्यानं फसवलं तर त्याची गाडी अडवता येते, याची काय अडवू? मी शाल तिथंच ठेवली अन् उतरले. खाली नवरा उभा होता, म्हणाला, चल घर.

आता म्युझियम चालतं. चांगलं चालतं म्हणे, सुट्टीच्या दिवशी गाड्या लागतात. काट्याच्या बाजूला दोरी, हात लावू नये म्हणून पाटी. आत टीव्हीवर तो रुमालाचा व्हिडिओ फिरत असतो, दुसऱ्या वेळचा, तीन बोटांचा. ओट्याला लोक टेकून फोटो काढतात. धवल दोनदा घरी आला, म्हणाला, मावशी, रविवारी येऊन बसा, लोकांना सौदा करून दाखवा, मानधन देऊ. मी म्हटलं, भाऊ, मी जन्मात कधी दाखवायला सौदा केला नाही. तो परत पाया पडला. मी चहा केला होता, तो पिऊन गेला. माझा पोरगा सुरतेहून फोन करतो, आई, आता सोड, इकडं ये. सोडायला राहिलंय काय, हेच मला कळत नाही. केस करा म्हणतात काही लोक. कशावर करू? रुमालावर?

या वैशाखात आता रस्त्यावर पिकअपवाले येतात, काटा गाडीतच, झाकलेला, बाईला दिसत नाही. बायका त्यांच्याकडं जातात. माझ्याकडं ना फरशी, ना ओटा, ना गाडी. तरी परवा सायकी आली, सवयीनं आली असेल, डोक्यावर टोपली, माझ्या दारात उभी राहिली अन् इकडंतिकडं बघायला लागली, कुठं ठेवू म्हणून. मी म्हटलं, सायकी, मी घेत नाही आता. ती म्हणाली, बाय, मग? मी तिला सांगितलं, पिकअपवाल्याकडं जा, पण ऐक, टोपली डोक्यावरून उतरवू नको. तो म्हणेल ठेव, बस, पाणी पी. ठेवायची नाही. आधी भाव बोल म्हणायचं, डोक्यावर ओझं असताना. खाली ठेवलीस की तो भाव पाडणार, त्याला माहीत आहे की जमिनीवरून एकटीला उचलता येत नाही. हे मी कुठल्या विकणाऱ्याला आजपर्यंत सांगितलं नव्हतं, घेणारी माणसं असं सांगत नाहीत. तिनं मान हलवली, टोपलीसकट. मी म्हटलं, जा माय, तुझं भलं होवो.

मी दारात उभी राहून बघत होते. पिकअप तिथं समोर, बाभळीखाली, पण सावली गाडीला, बाईला ऊन. तो पोरगा फोनवर बोलत होता. तिला बघून हातानं खूण केली, ठेव. ती उभी राहिली. तो परत फोनवर. मग त्यानं दुसरीचा माल घेतला, मग तिसरीचा. सायकी तशीच उभी, एक हात टोपलीला, मान ताठ. एकदा तिनं माझ्याकडं वळून बघितलं. मी इथून हातानं सांगितलं, थांब, थांब. ती थांबली. पोरगा डबा उघडून जेवायला बसला.

आमची वयं आता झाली ताई. किती वेळ धरणार मान. तिनं गुडघे वाकवले, टोपली खाली ठेवली अन् तिच्याशेजारी मातीत बसली. मग तो उठला, हात धुतले अन् तिच्याकडं आला.